दोघींपैकी एकीच्या जटा

"आलात? मला वाटलं, आता काही येत नाही तुम्ही," पार्लरवाली म्हणाली आणि तिने खुर्ची झटकली.

धाकटी दारातच थबकली. या पार्लरमध्ये ती जन्मात पहिल्यांदा पाऊल टाकत होती. म्हणजे मोठी येऊन गेली होती.

दोघी जुळ्या. मोठी काही मिनिटांनीच मोठी, पण चेहरा, आवाज, कमरेपर्यंतचे केस, सगळं एक. मोठी गाडी चालवायला शिकवायची, धाकटी दाताच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. त्यामुळे धाकटीला रस्त्यात गाठून कुणीही क्लचचं गाऱ्हाणं सांगायचं, आणि मोठीसमोर लोक भर चौकात आ वासून दाढ दाखवायचे. अशा वेळी चूक दुरुस्त करायची नाही, मान डोलवायची आणि सटकायचं, हा दोघींचा लहानपणापासूनचा शिरस्ता. समजावत बसलं तर दिवस तिथेच मावळायचा.

आताही धाकटी मान डोलवून खुर्चीत बसली. बसली म्हणजे टेकली. गेले दोन महिने तिचा जीव असाच वरखाली होत होता. निमित्त झालं एका जुन्या फोटोचं. बाबांना तो कपाट आवरताना सापडला. फोटोत एकच मुलगी होती, दात पडलेली, हसणारी. ही दोघींपैकी कुठली, ते घरात कुणालाच सांगता येईना. धाकटीने फोटो उजेडात नेऊन पाहिला. तिलाही सांगता येईना. त्या दिवसापासून केसांच्या जटा करून घ्यायच्या, या विचाराने मनात घर केलं. निदान इथून पुढच्या फोटोंत तरी ती ओळखू येईल.

पण मोठीचं काय? तिला विचारलं तर ती तोंडाने हो म्हणेल आणि मग उशीत तोंड खुपसून रडेल. न विचारता केलं तर ते आयुष्यभर खात राहील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पार्लरवालीच्या स्वतःच्या जटा जाडजूड होत्या, रुमालाने वर बांधलेल्या. तिने धाकटीची वेणी सोडली आणि कंगव्याच्या टोकाने केसांचे चौकोन पाडायला घेतले.

"परत एकदा सांगते. या सुईने केसात केस ओवून गुंता पक्का करायचा. आजचा दिवस त्यातच जाईल. पण पुढे नको वाटल्या तर विंचरून सुटत नाहीत बरं का. कापाव्याच लागतात."

"हं."

"आणि बहिणीचं काय ठरलं? सकाळी तेच धरून बसला होतात."

धाकटीने जपून विचारलं, "काय म्हणाले होते मी?"

"घ्या! विसरलातसुद्धा? म्हणालात, मी आपली कशीही निभावेन, पण ती बिचारी एकटी पडेल. माझ्याशिवाय ती कधी राहिलीच नाहीये."

बिचारी! धाकटीचे कान तापले. हेच शब्द, बिचारीसकट, तिने मोठीसाठी योजून ठेवले होते. आणि ही बया न सांगता, न विचारता वेगळी व्हायला निघाली! केसाने गळा कापणं म्हणतात ते दुसरं काय असतं? आपण स्वतः डॉक्टरांना पोटदुखीची थाप मारून इथे येऊन बसलोय, हे तिला कळत होतं. चोराच्या उलट्या बोंबा. तरी राग काही उतरेना. आणि रागाच्या खाली भीती होती. मोठीला आपल्याशिवाय राहता येणार नाही, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. मोठीला येणार होतं.

"सकाळी आली ती मी नव्हे," ती म्हणाली. आवाज जरा चढलाच. "ती माझी बहीण. मी दुसरी."

पार्लरवालीचा हात थांबला. तिने आधी आरशात पाहिलं, मग पुढे येऊन वाकून पाहिलं.

"अगं बाई! म्हणजे मघापासून मी तिच्या मनातलं तुम्हाला सांगत बसलेय."

"सांगितलंत ते बरं केलंत. आता आधी माझ्याच करा. तिला बसू दे विचार करत."

"करते की. माझं काय जातंय? पण बहिणीला ठेवा घटकाभर बाजूला. तुम्हाला स्वतःला आवडतात का जटा?"

धाकटीने तोंड उघडलं. मोठीला काय वाटेल, आई कशी कपाळाला हात लावेल, डॉक्टर एवढं सगळं टोपीत कसं कोंबायला लावतील, दोन महिने या सगळ्याचा कीस पाडून झाला होता. हे मात्र राहूनच गेलं होतं. तिने आरशात पाहिलं. अर्धं डोकं चौकोनांचं, अर्धं मोकळं. आवडतंय की नाही, काही सांगता येईना.

"हे तुम्ही तिलाही विचारलंत?"

"विचारलं ना."

"मग?"

"मग काय! आलेच म्हणाल्या आणि गेल्या त्या गेल्याच."

उठून निघायच्या बेतात धाकटीचे पाय केव्हाच जमिनीला लागले होते. तिने ते उचलले आणि खुर्चीच्या खालच्या दांडीवर घट्ट रोवले.

"थांबा जरा," ती म्हणाली. "मी इथेच बसून ठरवते."