उघडून बंद केलेले त्रैमासिक

वर्षाराणीने नियतकालिकांच्या यादीचा कागद पुढे सरकवला आणि दौलतरावांना जानरावांचे पत्र आठवले. त्याला त्यांनी उत्तर दिले नव्हते. पत्र केव्हाचे घरी चष्म्याच्या डबीखाली पडून होते. घाईत लिहिल्यासारखे अक्षर, ओळी वरखाली गेलेल्या. मजकूर थोडाच होता : आपले कापसाचे त्रैमासिक ग्रंथालय अजून घेते ना? कळवावे.

काय कळवणार? कारंज्याच्या त्या महाविद्यालयात छापील नियतकालिके थांबून सारी संगणकावर आली होती. जे कुणी उघडत नाही ते वर्षअखेरीला काढून टाकायचे, असे ठरले होते. कापसाचे त्रैमासिक कुणीच उघडत नव्हते. 'घेतो' लिहावे तर लवकरच खोटे ठरणार. 'बंद होते आहे' लिहायला हात धजेना. दौलतराव निवृत्त ग्रंथपाल. घरी करमत नाही म्हणून मदतीला रोज यायचे. त्यांनी उत्तर लिहिण्याऐवजी भलतेच केले. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते कोपऱ्यातल्या संगणकावर बसू लागले आणि त्रैमासिक उघडून बंद करू लागले. कापसाच्या किडींतले त्यांना ओ की ठो कळत नसे. पण आकड्यांच्या रकान्यात भोपळा तरी येणार नव्हता. त्रैमासिक त्या वर्षी टिकले, पुढच्या वर्षीही टिकले. उत्तर तेवढे राहून गेले. आता लिहायचे तर आधी उशिराबद्दल काहीतरी लिहायला हवे, आणि ते कसे लिहावे इथेच त्यांचे घोडे अडे.

जानराव वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. छापील अंक टपालाने येई तेव्हा दौलतराव त्यावर शिक्का मारायच्या आधीच तो त्यांच्याकडे नेत. जानराव चहा मागवत आणि अंकातले लेख मोठ्याने वाचून दाखवत. इंग्रजी लेख, किडींच्या लांबलचक नावांनी भरलेले. दौलतराव मान डोलवत. नोकरी संपल्यावर जानराव मानोऱ्याला मुलाकडे राहायला गेले. जाताना दौलतरावांनी त्यांना घरून उघडता यावे म्हणून पासवर्ड करून दिला. उघडत जा, नाहीतर बंद करतात, असे गमतीने म्हटलेही होते.

"सर, हे काढू का?" वर्षाराणीने त्रैमासिकाच्या नावावर पेन ठेवले. दौलतरावांच्या जागेवर ती ग्रंथपाल म्हणून आली होती. सूक्ष्मजीवशास्त्राची मुले वर्षभर एक नियतकालिक मागत होती. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितले होते, एक काढा, मग दुसरे घ्या. यादी संध्याकाळपर्यंत पाठवायची होती.

दौलतराव हळूच म्हणाले, की हे तर उघडले जाते. आकडे दिसतच होते. काही ग्रंथालयाच्या आतले, काही बाहेरून उघडल्याचे. आतले कोणाचे, ते त्यांना ठाऊक होते. पण बाहेरचे जानरावांचे होते, दर महिन्याला, न चुकता. ते पाहिले की त्यांना बरे वाटे. एक का होईना, खरा वाचक होता.

"उघडतात सर, पण वाचत नाहीत. उघडलं का लगेच बंद," वर्षाराणी म्हणाली. "आतला वाचकही तसाच आहे. कोपऱ्यातला. सोमवारचा."

दौलतराव चष्मा काढून पुसत बसले.

मग तिने बाहेरच्या पासवर्डसमोरचा नंबर पाहून मानोऱ्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. माझे नाव नको, अशी दौलतरावांनी हाताने खूण केली. फोन जानरावांच्या सुनेने, वैजयंतीने उचलला. सर ते त्रैमासिक वाचतात का, असे वर्षाराणीने विचारले.

"वाचतीन कसे मॅडम? बाबाले आता दिसतच नाही. दौलतरावायले पत्र लिवलं तवाच डोळे गेल्यात जमा होते. मीच मोबाईलवर उघडतो अन् बंद करतो."

"मग काहून उघडता?"

"बाबा सांगतात म्हून. दौलतरावायनं ते लय जिवापाड जपलं म्हणे. बंद झालं त त्यायले वाईट वाटन. पत्राचं उत्तर नाही आलं, तवाच बाबा म्हणले, चालू असतं त लिवलं असतं. बंद पडाच्या बेतात असन, तू उघडत जाय. तो मानूस कोनाले बोलनार नाही, मनातच ठेवन."

फोन ठेवल्यावर वर्षाराणी यादीकडे पाहत राहिली. दौलतरावांनी चष्मा पुन्हा चढवला.

"काढून टाक," ते म्हणाले. "पोरायचं घे."

तिने नाव खोडले. ते उठून आतल्या खोलीत गेले. जुन्या छापील अंकांचे बांधलेले खंड तिथे कपाटात होते. एकावरची धूळ त्यांनी रुमालाने झटकली, तो वर्षाराणीकडून रीतसर नावावर लिहून घेतला आणि पिशवीत घातला. मग टेबलाशी बसून पोस्टकार्ड लिहिले. न कळवता कुणाच्या दारात उभे राहणे त्यांना या जन्मात जमले नसते. पहिली दोन कार्डे बिघडली. तिसरे त्यांनी पुन्हा वाचून पाहिले नाही. वाचले असते तर तेही फाडले असते.

घरी जाताना कार्ड पेटीत टाकले. त्यावर लिहिले होते :

"जानराव, त्रैमासिक आज बंद केले. वाईट वाटले नाही. सोमवारी मानोऱ्याच्या बसने येतो. जुना खंड आणतो आहे, या वेळी मी वाचेन. किडींची नावे चुकतील. मला त्यातले कधीच काही कळत नव्हते. तुम्ही वाचता ते ऐकायला मी येत होतो."