बोटाची बेडी

आजोबांच्या न्यूमोनियासाठी इस्पितळच घरी आलं होतं. नर्स रोज यायची, डॉक्टरीणबाई स्क्रीनवरून बोलायच्या आणि हृदयाचे ठोके मोजणारा चिमटा कायम बोटाला. आजोबा त्याला बेडी म्हणायचे. एका दुपारी गॅलरीत माना टाकलेली झाडं बघवेनात, तसा त्यांनी चिमटा आजींच्या बोटाला लावला. “पाचच मिनिटं सांभाळ. बोट कोणाचं, तिकडे कोणाला कळतंय?” “तुमची मेली थेरं!” म्हणत आजी बसल्या. झारी निम्मी होते तोच स्क्रीनवरून हाक आली, “आजोबा, तुमचे ठोके चुकतायत! हलू नका, नर्स निघालीय.” आजोबा धापा टाकत आत आले. “डॉक्टर, लबाडी माझी, पण बोट हिचं!” संध्याकाळपर्यंत आजींना औषध सुरू झालं. “वेळेत कळलं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “निम्मी झाडं तहानलेलीच राहिली,” आजी पुटपुटल्या. “राहू देत!” आजोबांनी स्क्रीनला हात जोडले. “आणखी एक बेडी पाठवा.”