मीटर नंबर ७३९३९१३३
"अहो, त्यांना मीटर काढू द्या!" मी पुन्हा ओरडले. सकाळपासून घरात वीज नाही, वायरमन पक्कड घेऊन ताटकळलाय आणि आमचे हे, गणिताचे निवृत्त सर, जळक्या मीटरसमोर आडवे उभे!

"नव्या मीटरचा नंबर सम आहे," ते तुच्छतेनं म्हणाले. "आणि हा बघा, ७३९३९१३३. मूळ संख्या! एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. उजवीकडचा एकेक आकडा काढत जा, उरलेली दरवेळी मूळच!"

वायरमनला पटावं म्हणून ते उजवीकडून हात सरकवत आकडे झाकू लागले. तो बिचारा मान डोलावत राहिला. शेवटी त्र्याहत्तर उरले.

माझं डोकंच फिरलं. "पुरे ते कौतुक! या घरातली माणसंही अशीच एकेक कमी झाली. सासूबाई, मामंजी गेले, मुली सासरी गेल्या. उरलोय आपण दोघं. आता तो तीनही झाका. मग एकटा उरलेला सात कोण? तुम्ही की मी?"

त्यांनी हात मागे घेतला.

"काढा हो तो मीटर," ते वायरमनला म्हणाले.