तिकिटावरची बाई

मागच्या दुष्काळात गावचा पाझर तलाव खणताना कडूबाईच्या कुदळीला मातीची एक मूर्ती लागली. डोक्यावर घागर घेतलेली बाई होती ती. जाणकारांनी मूर्ती दोन हजार वर्षांपूर्वीची ठरवली, ती दिल्लीला गेली आणि यंदा तिचं टपाल तिकीट निघालं. तलावातलं पाणी मात्र सोसायटीच्या मोटारींनी चेअरमन विठ्ठलरावांच्या उसाला कधीच पाजून टाकलं होतं.

तिकिटाचा सोहळा सोसायटीच्याच पटांगणात ठेवला. कडूबाईला बोलवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. दिल्लीच्या पाहुण्यांनी तिकिटाच्या मोठ्या चित्रावरचा पडदा बाजूला केला आणि नेमकी तेव्हाच मांडवासमोरून डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांची रांग निघाली. सगळ्यात पुढं कडूबाई. पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग सगळा मांडवच वाजवायला लागला.

"टाळ्या कशापायी वाजवायलेत गं?" मागून बायनाबाईनं विचारलं.

"वाजवू दे. तू पाय उचल, न्हाईतर टँकर फाट्यावरूनच नांदूरघाटला निघून जाईल," कडूबाई म्हणाली.

पाहुणे खूश होऊन विठ्ठलरावांकडं वळले. "त्या काळचा देखावा अगदी हुबेहूब उभा केलाय हो! फक्त हंडे तेवढे प्लॅस्टिकचे नको होते. कुणी केलं हे सगळं?"



विठ्ठलरावांनी हात जोडले. "आमच्या सोसायटीनंच, साहेब."