पेवातली बाटली

कंदिलाची वात मंदावू लागली होती आणि बाटली मोतीरामच्या हातात होती. वर, पेवाच्या तोंडाशी, वामनराव येऊन उभे होते. ते खरे तर उद्या यायचे होते.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातले ज्वारीचे कोठार. खाली घागरीच्या पोटासारखे रुंद, वर तिच्या गळ्यासारखे चिंचोळे. उघडले की रात्रभर तसेच ठेवायचे, कोंडलेली हवा जाऊ द्यायची. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील नीट जळला तरच माणसाने उतरायचे. मंदावला की बाहेर यायचे. बाहेर येण्याचीही रीत असते. दोन्ही हात डोक्यावर सरळ धरायचे आणि वरच्यांनी मनगटे धरून ओढायचे. हात खाली राहिले तर खांदे अडकतात. म्हणून पेवातून निघणाऱ्या माणसाला अंगाशी काही लपवता येत नाही.

मोतीरामने त्याचा विचार केला होता. बाटली टोपल्यात ज्वारीखाली पुरायची, टोपले दोरीने वर पाठवायचे, मागून आपण जायचे. तो उतरला तेव्हा वर फक्त बायको कौशल्याबाई आणि शेजारचा जानराव होता. ज्वारीला ओल लागली का ते पाहतो, असे त्याने दोघांना सांगितले होते. दरवर्षी पेवात तो स्वतःच उतरत असे. या वेळी मुलीचे, पंचफुलाचे लग्न होते. सगळी ज्वारी काढायची होती आणि गडी उतरणार होते. त्याआधी बाटली निघायला हवी होती.

"मोतीरामभाऊ," वरून वामनरावांचा आवाज आला, "गडी संगच आणले. आजच रिकामं करून टाकू. धाडा पह्यलं टोपलं, ज्वारी पाहू द्या."

मोतीरामने नुसत्या ज्वारीचे टोपले पाठवले. वामनरावांनी त्यात कोपरापर्यंत हात खुपसला.

"कोरडी हाये. आता दुसरं धाडा. हरेक टोपलं पाह्यतो मी."

वामनराव सुलतानपूरचे, पंचफुलाच्या होणाऱ्या नवऱ्याचे वडील. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे लढाईत गेली होती. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. दारूबंदीबद्दल मात्र गावोगाव बोलत. थोरल्या मुलाची ठरलेली सोयरीक त्यांनी मोडली होती, कारण मुलीच्या मामाच्या घरात बाटली सापडली. ही गोष्ट मोतीरामच्या गावात, उंद्रीत, सगळ्यांना ठाऊक होती. पंचफुला त्यांना पसंत होती, पण लग्न लागेपर्यंत ते मोतीरामला इवाई, म्हणजे व्याही, म्हणायला तयार नव्हते. तो शब्द एकदा तोंडातून गेला की मागे घेता येत नाही, असे त्यांचे म्हणणे.

मोतीरामने बाटली दुसऱ्या टोपल्यावर धरली आणि मागे घेतली. टोपल्यात घातली तर वामनरावांचा हात काचेला लागणार. ज्वारीत पुरली तर घटकाभरात गडी उपसून काढणार. फोडली तर वासच आधी वर पोहोचणार.

त्याच लढाईत, दुसऱ्या महायुद्धात, मोतीराम इटलीत खेचरांच्या तुकडीवर होता. तोफगोळ्याने एका तळघराचे तोंड बुजले होते. ते मोकळे करून त्यांनी आतल्या म्हातारीला बाहेर काढले. तिने प्रत्येकाच्या हातात एकेक बाटली दिली. लाल वाइन. द्राक्षाच्या वेलाकडे हात करून तिने एक बोट वर केले. एकच जात, दुसऱ्या कशाची मिसळ नाही. मग तोंड वाकडे करून दाखवले : नवी असताना ही तुरट लागते. आणि स्वतःच्या पांढऱ्या केसांना हात लावला : थांब, वय होऊ दे हिचे. मोतीरामने बाटली जमिनीवर उभी ठेवली, तर तिने त्याच्या हातावर चापट मारली आणि बाटली तान्ह्या मुलासारखी आडवी निजवली. बूच ओले राहिले पाहिजे, हे त्याला पुढे कोणीतरी समजावून सांगितले.

बाकीच्यांनी आपल्या बाटल्या त्याच रात्री संपवल्या. मोतीराम आपली घेऊन घरी आला. गार, अंधारे पेव पाहून त्याला ते तळघर आठवले. पुढे दारूबंदी आली. त्याला ती पिता आली नाही आणि फेकताही आली नाही. गावात त्याने याबद्दल कोणालाच काही सांगितले नव्हते.

"वात निळी पडली बे!" जानराव ओरडला. "निंघ बाहेर!"

"अहो, या ना वर!" कौशल्याबाई पेवात वाकून म्हणाल्या. "ज्वारीपायी जीव देता काय?"

मोतीरामचा श्वास जड झाला. त्याने एकदा बाटलीकडे पाहिले. मग ती दोन्ही हातांत धरली आणि हात डोक्यावर सरळ केले.

पेवातून आधी बाटली वर आली.

जानरावाने ती घेतली आणि चटका बसल्यासारखी बाजूच्या दगडावर उभी ठेवली. मग त्याने आणि गड्यांनी मोतीरामला ओढून काढले. कौशल्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

"इटलीची हाये," मोतीराम धापा टाकत म्हणाला. "एका म्हातारीनं देल्ली होती. कधी खोलली नाही. माह्या पोरीले यातलं काही ठाऊक नाही. फोडायची तर फोडा, वामनराव. पण तिले बोल नोका लावू."

वामनराव दगडाशी गेले. त्यांनी बाटली उचलली, धोतराच्या सोग्याने तिच्यावरची धूळ पुसली आणि उन्हात धरली. काचेतून लाल उजेड त्यांच्या तुटक्या बोटांवर पडला. गडी दोन पावले मागे सरले. आता ती दगडावर आपटणार, असे सगळ्यांना वाटले.

वामनराव खाली वाकले. वर आलेल्या पहिल्या टोपल्यातल्या ज्वारीत त्यांनी हाताने एक खळगा केला आणि बाटली त्यात हळूच निजवली.

"आडवी ठेवत जा, इवाई," ते म्हणाले. "उभी ठेवली की बूच वाळते."