गोड झालेली माती

पुतणीने टेकडीच्या पायथ्याची ओली माती तारेने विटेसारखी कापली, टेबलावर उभी केली आणि वर तराजूचं सगळ्यात मोठं वजन ठेवलं. माती जागची हलली नाही.

“बघ, कशी खंबीर आहे,” काकू म्हणाल्या. “तुझे काका तर बाजाराची पिशवी उचलतानासुद्धा कण्हायचे.”

पुतणी हसली नाही. ती माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि आज सुट्टी म्हणून कुंभारवाड्यात सहज आली होती. बाहेर काकूंच्या थोरल्या मुलाचं खोदायचं यंत्र घरघरत होतं. नव्या भट्टीला जागाही होईल आणि भांड्यांना मातीही मिळेल, म्हणून स्वारी खुशीत होती. वर उतारावर त्यांचं घर. घरात सून आणि महिन्याभराचं बाळ.

इतकी वर्षं पायथ्याला कुणी कुदळ लावली नव्हती. काकू लग्न होऊन आल्या, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना प्रत्येक खाणीतली चिमूटभर माती चाखायला लावली होती. खारट माती भाजली की भांड्यावर पांढरे डाग उठतात, म्हणून आधी चाखायची, ही घराण्याची रीत. पायथ्याची माती जिभेला लागताच नव्या नवरीचं तोंड असं काही वाकडं झालं की कधी न हसणारे सासरे खदखदून हसले होते. “ही खारट. हिला हात लावायचा नाही.”

परवा थोरल्याने विचारलं, तेव्हा काकूंनी ती पुन्हा चाखली. खारटपणाचा मागमूस नव्हता. “गोड झाली रे! खण बिनधास्त.”

“काकू, मीठ गेलं कुठे?” पुतणीने विचारलं.

“वाहून गेलं असेल पाण्याबरोबर. बरंच झालं की.”

पुतणीने वजन उतरवलं. तीच माती वाडग्यात टाकून ती चमच्याने ढवळू लागली.

“या मातीचा कण गोल नसतो, काकू. पापुद्रा असतो. सिलिकाचा थर, ॲल्युमिनाचा थर, पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक. ही माती कधीकाळी समुद्राच्या तळाशी साचली. खाऱ्या पाण्यात हे पापुद्रे आडवेतिडवे एकमेकांना टेकले, पत्त्यांच्या बंगल्यासारखे. मधल्या फटींत सगळं पाणी. मिठाने त्यांना धरून ठेवलं होतं.”

“आणि आता?”

“आता बंगला उभा आहे. नुसता सवयीने.”

तिने वाडगा कलता केला. मघाशी वजन पेलणारी माती झिलईसारखी पातळ धार धरून टेबलावर सांडली आणि कडेवरून खाली ठिबकू लागली.

“पाणी किती घातलंस?”

“एक थेंबही नाही. तुमच्यासमोरच तर ढवळली.”

काकूंनी दारातून बाहेर पाहिलं. यंत्राचा दात पुन्हा टेकडीच्या पायात रुतला. टेबलावरच्या मातीवर बारीक वलयं उठली.

“बंद कर ते!” काकू ओरडतच बाहेर धावल्या. “बंद कर आधी!”

“आई, तूच म्हणालीस ना गोड आहे?”

“मी म्हणाले. आता मीच सांगतेय, उतर!”

यंत्र थांबलं. थोरला खाली उतरून पुतणीशी हुज्जत घालू लागला, तोवर काकू उताराची वाट चढायला लागल्या होत्या. गुडघे कुरकुरत होते. पायाखाली गवत तसंच होतं, वाट तशीच होती. एरवी या वेळी झाडावर पाखरांचा गलबला असे. आज चिटपाखरू नव्हतं.

त्या अंगणात पोचल्या, तेव्हा सून खिडकीच्या गजांमागे उभी होती. खांद्यावर बाळ, चेहऱ्यावर हसू.

“काय हो आई, बाहेरून कडी लावून गेलात की काय? मघापासून ओढतेय, दार उघडतच नाहीये.”

काकूंनी दाराकडे पाहिलं. कडी उघडीच होती. तिची साखळी गवंड्याच्या ओळंब्यासारखी सरळ खाली लोंबत होती. दाराची चौकट मात्र साखळीपासून बाजूला कलली होती.