मागचं वजन

"चल, हेल्मेट घेऊन खाली ये. मागे वजन असल्याशिवाय खरी चाचणी होत नाही," नवऱ्याने पार्किंगमधून हाक मारली. इस्त्री बंद करून वजन जिना उतरलं.

मोटरसायकल सजून उभी होती. सायलेन्सरच्या नळीला काळी जाड पट्टी गुंडाळलेली, इंजिनच्या दोन्ही अंगांना पत्र्याचे पंख. गाडी गर्दीत थांबली की त्याच्या मांड्या शेकतात, म्हणून उन्हाळाभर त्याने हा उद्योग केला होता. जेवताना मांड्या, फोनवर मांड्या, पाहुण्यांसमोरही मांड्या. त्या मांड्यांचं इतकं कौतुक तिने लग्नाच्या पहिल्या वर्षातही ऐकलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्याच सायलेन्सरला टेकून तिची पोटरी भाजली होती. चांगला टरटरून फोड आला, तेव्हा हा म्हणाला होता, "पाय जरा जपून ठेवायचा ना." विषय संपला. आपली ती मांडी, दुसऱ्याची ती तंगडी!

तरी ती मागे बसली. नाही म्हटलं असतं तर रात्रीपर्यंत तो फुगलेलं तोंड घेऊन घरभर फिरला असता. ते बघण्यापेक्षा पोटरी परवडली.

मोकळ्या रस्त्यावर काही कळलं नाही. मग रेल्वेचं फाटक लागलं, ते नेमकं पडलेलं. पुढे मोटारी, मागे ट्रक.

"बंद करा ना इंजिन."

"वेडी आहेस का? हीच तर खरी परीक्षा."

पंखांनी वळवलेली हवा सरळ तिच्या पायांवर येऊ लागली. भट्टीचं दार उघडून कुणी समोर बसवावं, तशी. तिने पाय उचलले.

"हलू नकोस गं. तोल जातो."

शेजारी एक मोटरसायकलवाला येऊन थांबला. वाकून पाहत त्याने विचारलं, "हे पंख कसले हो?"

नवऱ्याला हेच हवं होतं. त्याने हेल्मेटची काच वर केली. "स्वतः बनवलेत. गरम हवा अंगावर येतच नाही. मांडीला हात लावून बघा, गार!"

अनोळखी माणसाच्या मांडीला हात लावायचं त्या गृहस्थाने टाळलं. "मग ती हवा जाते कुठे?"

"मागे," नवरा छाती फुगवून म्हणाला. "सगळी मागे."

त्या माणसाने तिच्याकडे पाहिलं आणि घाईघाईने नजर फाटकाकडे वळवली. आपल्याला लाज वाटायला हवी होती, असं तिच्या मनात आलं. पण वाटली ती नवऱ्याची कीव, आणि तीही फार नाही. ती खाली उतरली.

"पाय आखडले का? हो, हो जरा मोकळी," तो मागे न बघताच म्हणाला आणि त्या माणसाला पट्टी कशी गुंडाळायची ते सांगू लागला.

रेल्वेगाडी धडधडत गेली. फाटक वर झालं.

"बस पटकन."

"मी नाही बसत. तुम्ही व्हा पुढे."

"का? आता काय झालं?"

हेल्मेटमधून तो तिच्याकडे पाहत होता. चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही, डोक्यात शंकेचा लवलेश नाही. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं! ती रस्त्याच्या कडेला झाली.

मागून ट्रकचा भोंगा वाजला, पाठोपाठ सगळ्यांचेच. नवऱ्याला निघावंच लागलं. रूळ ओलांडता ओलांडता त्याने मान वळवली आणि त्या गोंगाटातून जिवाच्या आकांताने ओरडून विचारलं,

"अगं, पण हवा नीट मागे येत होती ना? तेवढं तरी सांग!"